हिरवळीचे लाड

हरळी शेतकऱ्याला मारतां मरत नाहीं, आणि तीच हरळी शहरांतील बंगलेवाल्याला जगवितां जगत नाहीं, ही गोष्ट क्षणभर विचार करण्यासारखी आहे. काळ्या रानांत हरळी शिरली म्हणजे शेतकरी कपाळास हात लावतो. तो उन्हाळ्यांत खोल नांगरट करतो, तिच्या काशा वेंचून बांधावर टाकतो, उन्हांत वाळवितो, जाळतो. आणि मृगाचा पहिला पाऊस पडतांच हरळी पुन्हां आपली हजर! १९७७ सालीं लीरॉय होल्म व त्यांचे सहकारी यांनीं जगांतील अत्यंत उपद्रवी तणांविषयीं एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या मंडळींत पहिला क्रमांक लव्हाळ्याला मिळाला आहे आणि दुसरा या हरळीला. जिचा जगभरच्या शेतकऱ्यांनीं असा धसका घ्यावा, ती आपण पैसे मोजून बंगल्यापुढें आणावी, माळी ठेवून पोसावी, आणि तिनें दुसऱ्याच वर्षीं पिवळी पडून मान टाकावी, याला काय म्हणावें?

हरळी म्हणजेच आपली दूर्वा. भाद्रपदांत गणपतीला आपण एकवीस दूर्वांची जुडी वाहतों ती याच गवताच्या कोंवळ्या शेंड्यांची. अमरकोशांत तिला दिलेलीं नांवें पाहिलीं म्हणजे आपल्या पूर्वजांनीं हें गवत किती बारकाईनें निरखिलें होतें तें कळून येतें. ती शतपर्विका आहे, म्हणजे शंभर पेरांची आहे. रुहा आहे, म्हणजे पुन्हां पुन्हां उगवणारी आहे. अनंता आहे, म्हणजे जिचा शेवट लागत नाहीं अशी आहे. हीं नुसतीं स्तुतीचीं विशेषणें नव्हेत. दूर्वा जमिनीवरून सरपटते, जमिनीखालूनहि धांवते, आणि जेथें जेथें तिचें पेर ओल्या मातीला टेकतें तेथें तेथें ती नवीं मुळें धरते. तिचें सारें सामर्थ्य या पेरांत आणि मुळांत आहे. वर दिसणारें हिरवें पान ही त्या सामर्थ्याची केवळ खूण होय.

एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे आरंभीं सांगितलेल्या कोड्याचा उलगडा होतो. शेतकरी वरून घाव घालतो, पण प्रत्येक पेरापर्यंत त्याचा हात पोंचत नाहीं. म्हणून हरळी जगते. बंगलेवाला पानाचे लाड करतो आणि त्या लाडांपायीं मुळें दुबळीं करून टाकतो. म्हणून हरळी मरते. हेळसांडीनें मेलेली हिरवळ मीं क्वचितच पाहिली आहे. लाडांनीं मेलेल्या मात्र पुष्कळ पाहिल्या आहेत. ज्यांच्या घरांत मुलें वाढत आहेत त्यांना या वाक्याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. अंगणांतील हिरवळीविषयीं विचारणा वारंवार होत असते, म्हणून या महिन्याच्या सदरांत सामान्यतः घडणाऱ्या चुका एकेक करून पाहूं.

पहिली चूक हिरवळ लावण्यापूर्वींच होऊन गेलेली असते. घर बांधून होतें, गवंडी निघून जातात, आणि मागें विटांचे तुकडे, चुना, सिमेंट, खडी असा राडारोडा उरतो. तो उचलून नेण्याचा खर्च वांचवावा म्हणून त्यावरच तीन-चार इंच लाल माती पसरतात आणि रोपवाटिकेंतून आणलेल्या गवताच्या तयार लाद्या तिच्यावर अंथरतात. आठ दिवसांत अंगण असें हिरवेंगार दिसूं लागतें कीं पाहणाऱ्यानें तोंडांत बोट घालावें. परंतु मुळें चार इंच खालीं जातात तोंच त्यांना विटांचा खच लागतो. शिवाय सिमेंट व चुना यांच्या अंशानें माती क्षारधर्मी होते. मग तिच्यांत लोह असूनहि तें मुळांना घेतां येत नाहीं आणि पान पिवळें पडतें. पान पिवळें दिसलें कीं मालक युरिया टाकतो. दुखणें पोटांत आणि लेप कपाळाला, असा हा प्रकार आहे.

ज्याला हिरवळ करावयाची आहे त्यानें प्रथम कुदळ हातीं घ्यावी. निदान नऊ इंच, आणि साधल्यास फूटभर, जमीन खणून दगडविटा काढून टाकाव्या. पूर्ण कुजलेलें शेणखत तिच्यांत मिसळावें. जमीन काळी चिकण असली तर चार पाट्या वाळू टाकून कांहीं साधत नाहीं. थोड्या वाळूनें चिकणमाती मोकळी न होतां उलट अधिकच घट्ट होण्याचा संभव असतो. तिला सुधारणारा खरा पदार्थ म्हणजे कुजलेलें खत. जमिनीला घरापासून बाहेरच्या बाजूस शंभर फुटांस एक ते दोन फूट असा हलका उतार द्यावा, म्हणजे आषाढांतलें पाणी तुंबून मुळें कुजत नाहींत. हें सर्व वैशाखांत उरकावें. खणलेली जमीन कांहीं दिवस उन्हांत तापूं द्यावी, मग एकदां भिजवून जें तण वर येईल तें मुळासकट काढून टाकावें. पाऊस लागला कीं दूर्वेचे दोन-तीन पेरांचे तुकडे चार-चार इंचांवर खोंचावे. तयार लाद्यांपेक्षां याला अवधि अधिक लागतो, पण मूळ पहिल्या दिवसापासून आपल्या मातींत वाढतें. उसनी हिरवळ आणि घरची हिरवळ यांतील अंतर पुढच्या उन्हाळ्यांत कळून येतें.

दुसरी चूक जागेची. दूर्वा हें उन्हाचें गवत आहे. दिवसाकाठीं निदान सहा तास स्वच्छ ऊन मिळालें तरच ती दाट होते. पण आपल्याला दारीं आंब्याचें झाडहि हवें असतें आणि त्याच्या बुंध्यापर्यंत हिरवळहि हवी असते. सांवलींत दूर्वा विरळ होते, उंच आणि लुकडी वाढते, आणि शेवटीं माती उघडी पडते. तेथें दर वर्षीं नव्या लाद्या आणून बसविणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत. त्यांच्या चिकाटीचें कौतुक करावें कीं कींव करावी हें समजत नाहीं. आंब्याखालीं पार बांधावा. वडील मंडळी तेथें बसतील, मुलें अभ्यास करतील, आणि पडणाऱ्या पानांचें खत होईल. निसर्गानें एका जागेला जो धर्म दिला आहे तो ओळखून वागण्यांत कमीपणा नाहीं.

तिसरी चूक पाण्याची, आणि ही सर्वांत मोठी. दिवेलागणीच्या सुमारास हातीं रबरी नळी घेऊन हिरवळीवर दहा मिनिटें पाणी शिंपडणें हा पुष्कळ घरांतील नित्यक्रम आहे. शिंपडणाऱ्याला गारवा वाटतो, मातीचा वास सुटतो, दिवसभराचा शीण जातो. गवताला मात्र त्यापासून अपायच होतो. दहा मिनिटांच्या शिंपणानें वरची अर्धा इंच माती भिजते. मुळें पाण्याच्या मागें जाणारीं असतात. पाणी वर असलें तर तीं वरच राहतात. वर राहिलेलीं मुळें चैत्राच्या उन्हानें एका दुपारींत होरपळतात. शिवाय रात्रभर पान ओलें राहिल्यानें बुरशीचा रोग जडतो. ज्याला मागण्यापूर्वींच रोज हातावर खाऊ मिळतो तो मुलगा स्वयंपाकघरांतल्या डब्यापर्यंत चालत जावयास शिकत नाहीं. मुळांचेंहि तसेंच आहे.

पाणी द्यावें तें पहांटे किंवा सकाळीं, क्वचित् पण भरपूर. क्वचित् म्हणजे केव्हां, हें गवतच सांगतें. हिरवळीवरून चालून गेल्यावर पाउलाखालीं दबलेलें गवत उठून उभें राहिलें तर पाण्याची गरज नाहीं. पाउलांचे ठसे तसेच राहिले आणि पानाच्या हिरव्या रंगांत निळसर राखी छटा आली, तर पाणी द्यावें. भरपूर म्हणजे किती, हें पाहण्यास एक लोखंडी सळई पुरे. पाणी दिल्यानंतर कांहीं वेळानें ती मातींत दाबावी. पांच-सहा इंच सहज शिरली तर काम झालें, दोन इंचांवर अडली तर वरवरचेंच शिंपण झालें. फवाऱ्यानें पाणी देणाऱ्यांनीं हिरवळीवर ठिकठिकाणीं सरळ कडेचे चार रिकामे डबे ठेवावे आणि त्यांत किती पाणी सांचलें तें पट्टीनें मोजावें. कोठें अर्धा इंच आणि कोठें दीड इंच असा पंक्तिप्रपंच बहुतेक ठिकाणीं आढळून येईल.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. दारापुढें मऊ हिरवा गालिचा असावा ही हौस आपल्याकडे इंग्रजांच्या बंगल्यांतून आली. शाद्वल हा शब्द आपला जुनाच आहे, पण तें रानांतलें किंवा नदीकांठचें आपोआप उगवलेलें कोंवळें गवत. बारा महिने एकाच उंचीवर कापून ठेवलेलें नव्हे. लंडनला वर्षभरांत पडणारा पाऊस पुण्याच्या पावसाहून कांहींसा कमीच आहे. फरक असा कीं तो बाराहि महिन्यांत वांटून पडतो आणि ऊन सौम्य असतें. आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो, आणि पुढें आठ महिने आकाश कोरडें. तेथील गवताला वर्षभर हिरवें राहणें सोपें आहे. आपल्या दूर्वेला कोरड्या दिवसांत झोंपणें स्वाभाविक आहे. या भेदाकडे दुर्लक्ष केल्यानें पुष्कळ चुका घडतात.

चौथी चूक कापण्याची. १८३० सालीं इंग्लंडांत एडविन बडिंग या कारागिरानें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. गिरणींत लोकरी कापडावरची लव छाटण्याचें जें यंत्र असे, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. यंत्र उपयुक्त आहे यांत शंका नाहीं. पण कापडाची लव आणि गवताचें पान यांत एक भेद आहे. कापडाला जेवावें लागत नाहीं. गवत पानानें जेवतें. सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें पान अन्न तयार करतें आणि तें मुळांना पुरवितें. महिनाभर हिरवळ वाढूं द्यावयाची आणि मग पाहुणे येणार म्हणून एके दिवशीं ती अगदीं जमिनीलगत भादरून टाकावयाची, म्हणजे स्वयंपाकघरालाच कुलूप ठोकण्यासारखें आहे. मग मुळें आपल्या सांठ्यांतून नवीं पानें काढतात आणि तेवढींच स्वतः खंगतात.

नियम सोपा आहे : एका वेळीं पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापूं नये. दीड इंच हिरवळ राखावयाची असेल तर ती सव्वादोन इंचांवर जातांच कापावी. पावसाळ्यांत आठवड्यास एकदां कापावें लागेल, थंडींत तीन-चार आठवड्यांनीं. यंत्राचीं पातीं धारदार असावीं. बोथट पात्यानें पान कापलें जात नाहीं, फाटतें. दुसऱ्या दिवशीं हिरवळीवर जी पांढुरकी झांक दिसते ती या फाटलेल्या टोंकांची. ओलें गवत कापूं नये, आणि प्रत्येक वेळीं यंत्र एकाच दिशेनें फिरवूं नये. कापलेल्या बारीक काड्या झाडून कचऱ्यांत टाकणें हीहि एक चूकच आहे. त्या विरळ पसरून तेथेंच राहूं दिल्या तर कुजून मातींत मिसळतात आणि गवतानें घेतलेलें नत्र गवतालाच परत मिळतें.

पांचवी चूक खताची. पुष्कळ घरीं गोठ्यांतून आणलेलें ताजें शेण हिरवळीवर पसरतात. जनावरानें खाल्लेल्या गवताचें बीं त्या शेणांतून न मरतां बाहेर येतें, म्हणजे आपण खताबरोबर तण पेरतों. शिवाय हुमणीला असें अर्धकच्चें शेण फार मानवतें. वळवाच्या किंवा मृगाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमतात. त्यांचीं अंडीं जमिनींत पडतात आणि त्यांतून निघालेली पांढरी वांकडी अळी, म्हणजे हुमणी, गवताचीं मुळें कुरतडते. भर पावसाळ्यांतहि हिरवळीचा एखादा पट्टा वाळला आणि ओढल्याबरोबर सतरंजीसारखा उचलून हातांत आला, तर अपराधी कोण हें शोधण्यास लांब जावयास नको. खत पूर्ण कुजलेलें, चाळलेलें आणि हातांत घेतल्यास वास न येणारें असावें.

दुसरे गृहस्थ शेणाला नाक मुरडतात आणि युरियाची मूठ उधळतात. युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें. ओल्या पानावर त्याचे दाणे चिकटले तर पान जळतें, आणि उधळणाऱ्याच्या हाताचें चित्र हिरवळीवर पिवळ्या ठिपक्यांनीं उमटतें. एका गुंठ्यास एका वेळीं अर्ध्या किलोहून अधिक युरिया नको. तोहि पान कोरडें असतांना सारखा पसरून लगेच पाणी द्यावें. अधिक दिला तर हिरवळ आठ दिवसांत डोळे दिपवील हें खरें. पण तें सारें बळ पानांत जातें, मुळें मागें पडतात, कापणी दुप्पट होते, आणि तहानहि वाढते. जें पटकन् फुगतें तें खोल रुजलेलें असेलच असें नाहीं, हा अनुभव हिरवळीपुरताच आहे असें नव्हे.

सहावी चूक तणाविषयींच्या उतावीळपणाची. लव्हाळ्याचा हिरवा तुरा दिसला कीं हातानें ओढून काढण्याचा मोह होतो. तुरा हातांत येतो आणि गांठ खालीं राहते. या गांठी जमिनींत माळेसारख्या एकीस एक जोडलेल्या असतात. एक तुरा तोडला कीं शेजारच्या झोंपलेल्या गांठी जाग्या होतात आणि एकाचे तीन तुरे उभे राहतात. पुरांतहि वांचणाऱ्या लव्हाळ्याची कीर्ति आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. त्याला दोन बोटांनीं जिंकण्याची आशा धरूं नये. पाऊस पडून माती मऊ झाली असतां अरुंद पात्याचें खुरपें खोल घालून गांठ शोधून काढावी, आणि हिरवळ दाट व थोडी उंच राखावी. लव्हाळ्याला सांवली सोसत नाहीं. विरळ, भादरलेली हिरवळ हेंच त्याचें माहेर होय.

सातवी चूक पाउलांची. कांहीं घरीं हिरवळीभोंवतीं दोरी बांधून मुलांना तेथें पाय ठेवण्यास बंदी असते; त्याच घरीं मुंजीचा किंवा बारशाचा मांडव मात्र त्याच हिरवळीवर चार-चार दिवस उभा राहतो. वस्तुतः कोरड्या हिरवळीवर मुलांच्या अनवाणी पायांनीं फारसें कांहीं बिघडत नाहीं. दूर्वा तुडविली जाऊनहि वाढणारी आहे. खेळाच्या मैदानांवर तिचीच योजना करतात. बिघडतें तें ओल्या काळ्या मातीवर चालल्यानें, मोटार उभी केल्यानें, पावसांत रूळ फिरविल्यानें आणि रोज एकाच रेषेनें फाटकाकडे गेल्यानें. माती दबते, तिच्यांतली हवा निघून जाते, आणि हवेवांचून मूळ गुदमरतें. रोजच्या वाटेवर फरशीचे तुकडे बसवून टाकावे. दबलेल्या जागीं पावसाळ्याच्या आरंभीं सळईनें चार-चार इंच खोल भोकें पाडावीं आणि वरून चाळलेलें खत पसरावें. आणि मुलांना खेळूं द्यावें. ज्या हिरवळीवर घरचीं मुलें लोळत नाहींत ती दुकानांतल्या कांचेआड ठेवलेल्या शालूसारखी. तिचा उपभोग रस्त्यानें जाणाऱ्यांनींच घ्यावयाचा.

आतां शेवटची चूक. ही बागकामाची म्हणावी कीं संसाराची, याचा निर्णय वाचकांनीं करावा. चैत्र-वैशाखांत दख्खनच्या उन्हांत हिरवळ हिरवीगार ठेवावयाची तर तिला आठवड्यास एक इंचाहून अधिक पाणी लागतें. एक इंच ऐकावयास थोडें वाटतें. पण गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर एक इंच पाणी म्हणजे सुमारें २५७० लिटर. शहरांतील माणसास दर दिवशीं १३५ लिटर पाणी असें मान सरकारी योजनांत धरलेलें असतें. म्हणजे एका गुंठ्याचें एका वेळचें पाणी एकोणीस माणसांच्या एका दिवसाच्या सर्व गरजा भागवितें. चांगलें मोठें एकत्र कुटुंब झालें हें!

२०१६ चा उन्हाळा महाराष्ट्रानें विसरूं नये असा होता. त्या एप्रिलमध्यें मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी पोंचवावें लागलें. त्याच उन्हाळ्यांत माझ्या परिचयाच्या एका घरीं दोन गुंठ्यांच्या हिरवळीसाठीं आठवड्यास पाण्याचा एक टँकर विकत येत असे. तिघे भाऊ, त्यांच्या गृहिणी, मुलें आणि ऐंशी वर्षांच्या आई असें तें सुखी कुटुंब. एके दिवशीं धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंनीं जातांना एक हंडा पाणी मागितलें. त्यांच्या वस्तींतला नळ तीन दिवस कोरडा होता. धाकट्या सूनबाई संकोचून म्हणाल्या, "आज बागेला पाणी द्यायचें आहे, उद्यां न्या." घरांत कोणी दुष्ट नव्हतें, टाकींतलें पाणी हिरवळीचें असा नेम पडून गेला होता, इतकेंच. आई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनीं थोरल्या मुलाला हांक मारून विचारलें, "अण्णा, गवत विकत पाणी पितें, आणि आपल्या घरीं राबणाऱ्या बाईला हंडाभर पाण्याला नाहीं म्हणायचें, हें कोणत्या शास्त्रांत बसतें रे?"

अण्णा कांहीं बोलले नाहींत. पण त्या दिवसापासून टँकर बंद झाला आणि बाई रोज दोन हंडे नेऊं लागल्या. हिरवळ पंधरा दिवसांत पिवळी पडली, पुढें पार तपकिरी झाली. येणारेजाणारे हळहळले. जूनच्या अखेरीस पाऊस चांगला लागला, आणि जुलैच्या मध्यापर्यंत पुष्कळशी जागा पुन्हां हिरवी झाली होती. जो भाग मेला तो विटांच्या खचावरचा आणि अशोकाच्या सांवलींतला. म्हणजे जेथें मूळ आधींच नव्हतें तोच. त्या कुटुंबानें पुढें तो भाग फरशी घालून बंद केला आणि गुंठाभरच हिरवळ राखली. आज तीवर पूर्वींपेक्षां अधिक माणसें बसतात.

यांत चमत्कार कांहीं नाहीं. उन्हाळ्यांत वरचें पान वाळवून जमिनीखालच्या खोडांत जीव धरून राहणें हा दूर्वेचा स्वभावच आहे. तिला रुहा आणि अनंता म्हटलें तें याचसाठीं. तपकिरी झालेली हिरवळ मेली असें समजून जे घाबरतात ते तिच्यावर पाणी, खत, औषधें यांचा मारा करतात आणि झोंपलेल्याला जागें करून उपाशी ठेवतात. वैशाखांत तिला दोन-तीन आठवड्यांनीं एकदां अर्धा इंच पाणी मिळालें तरी खोडांतला ओलावा टिकतो. तेवढें पाणी घरांतूनच निघण्यासारखें असतें : तांदुळाचें धुवण, भाजीचें पाणी, साबण नसलेलें आंघोळीचें पाणी. कपडे धुण्याच्या सोड्याचें पाणी मात्र घालूं नये. त्यांतल्या क्षारांनीं काळी माती चिकटते. तसेंच कूपनलिकेचें पाणी खारें असून त्याचा पांढरा थर मातीवर बसत असेल तर तेंहि जपून वापरावें.

वर्षाचा क्रम थोडक्यांत सांगावयाचा तर असा आहे. पावसाच्या तोंडावर वाळलेलें जुनें गवत खरवडून, दबलेल्या जागीं भोकें पाडून, अर्धा इंच चाळलेलें खत पसरावें. पावसाळ्यांत वेळच्या वेळीं कापावें, तण काढावें, आणि ओल्या जमिनीवर वावर कमी ठेवावा. थंडींत दूर्वा मंदावते. तेव्हां खत नको आणि पाणीहि बेताचें. फाल्गुनापासून पाण्याचें अंतर हळू हळू वाढवीत न्यावें, आणि वैशाखांत तिला झोंपूं द्यावें. हिरवळीचा आकार ठरवितांना आषाढांतलें हिरवें अंगण डोळ्यांपुढें आणूं नये. वैशाखांतली आपली टाकी आणावी. तिच्यांत घरांतल्या माणसांचें आणि घरीं राबणाऱ्यांचें भागून जेवढें उरेल तेवढ्याचीच हिरवळ करावी. ती चार पावलांची झाली तरी हरकत नाहीं. गणपतीच्या एकवीस जुड्या तेवढ्यांतूनहि निघतात.